चाळिसांपैकी सदतीस

एकदा एका वैद्याच्या शिष्याने अर्धशिशीवर औषध शोधून काढले. तीन वर्षे तो त्याच्या मागे होता. सूर्योदयापूर्वी नाकात चार थेंब, एकवीस दिवस. चाळीस रुग्णांना त्याने ते दिले आणि प्रत्येकाचा वृत्तांत वहीत उतरवला. सदतीस नावांपुढे लिहिले होते, 'उतार पडला'. पौर्णिमेला वैद्यांची सभा भरणार होती. तिथे वही मान्य झाली की औषध प्रांतभर जाणार होते. फक्त गुरूंची सही राहिली होती.

गुरू थकलेले होते. साठ वर्षे लोकांची दुखणी ऐकून माणूस जसा थकतो, तसे. वही चाळून ते म्हणाले, "यातला एक तरी रुग्ण मला दाखव."

दुसऱ्या दिवशी दुपारी शिष्याने येसूला बोलावले. गावातली नवी सून, सासूबरोबर आली.

"काय, डोकं बरं आहे ना आता?" शिष्याने विचारले.

"हो, पुष्कळ बरं आहे," येसू हसून म्हणाली.

"बरं नसायला काय झालंय?" सासू म्हणाली. "आमच्या वेळी नव्हती बाई असली दुखणी. डोकं दुखायला सवड तर हवी!"

शिष्याने मोठ्या समाधानाने गुरूंकडे पाहिले. गुरूंनी येसूला काहीच विचारले नाही. ते उठले, भर दुपारी खिडक्या लावून घेतल्या, दारावर घोंगडे सोडले. अंगणात औषधे कुटली जात होती, ती थांबवायला सांगितली. मग अंधारात येऊन स्वस्थ बसून राहिले.

"हे काय आता?" सासू कुजबुजली. "घरी वाळवण पडलंय माझं."

गुरूंनी तिला हातानेच गप्प केले.

शिष्य मनातून चिडला. सही करायची नसेल तर तसे सरळ सांगावे, हा काय पोरखेळ! पण हळूहळू डोळे अंधाराला सरावले, तेव्हा त्याला दिसले, की येसूने डोके भिंतीला टेकले आहे आणि डावा डोळा तळहाताने दाबून धरला आहे. बघता बघता ती बसल्या जागी झोपी गेली.

"सोंग आहे हो सगळं," सासू म्हणाली.

"सोंग ती करतेच, बाई," गुरू हलक्या आवाजात म्हणाले. "बरं असल्याचं."

ऊन उतरल्यावर येसूला जाग आली.

"केव्हापासून दुखतंय?" शिष्याने विचारले.

"परवापासून."

"मग मघाशी बरं आहे का म्हणालात?"

येसू ओशाळली. "तुम्ही एवढ्या पहाटे उठून थेंब घेऊन यायचात. किती दिवस नाही नाही म्हणायचं? आणि नाही म्हटलं, की घरी सगळ्यांची तोंडं उतरतात. मग ती सावरत बसायची. त्यापेक्षा डोकं दुखलेलं परवडतं."

निघताना सासूने सुनेचा पदर कपाळावर जरा पुढे ओढून दिला, कलते ऊन डोळ्यांत जाऊ नये म्हणून.

त्या गेल्यावर शिष्य म्हणाला, "गुरुजी, वही फाडून टाकू?"

"फाडतोस कशाला? अरे, ज्याला रोज दुखतं त्याच्यामागे आणखी एक काम लागतं. समोरच्याला बरं वाटू द्यायचं. ते काम तो इतकं निगुतीनं करतो, की वैद्यही फसतो. आणि वैद्याला फसायचंच असतं, तीन वर्षं खर्ची पडलेली असतात ना! पुन्हा जा. प्रत्येकाला एकटा भेट. बरं आहे का, हे विचारू नकोस. काल दिवसभर काय केलं ते विचार, आणि काय करायचं राहून गेलं, तेही."

शिष्य घरोघर हिंडला. सभेची पौर्णिमा येऊन गेली, आणखी एक गेली. अखेर तो उतरल्या चेहऱ्याने परतला.

"अकराच उरले, गुरुजी."

गुरूंनी लेखणी मागून घेतली आणि सही केली. "अकराच काय म्हणतोस? सदतीस होते, तेव्हा तुझ्याजवळ एकही नव्हता."

येसू त्या अकरांत नव्हती. तिच्यासाठी काय करावे हे दोघांनाही अजून ठाऊक नव्हते. पण निदान तेवढे आता वहीत लिहिलेले होते.