राहिलेला अर्धा खेळ

शके अठराशे बावीसचा मार्गशीर्ष. भाताची मळणी संपली होती. बाहुल्यांचे खेळ करणारा लुमाजी पेटारा उघडून बसला. गेल्या वर्षी देवळात दोऱ्यांचा गुंता होऊन त्याचा खेळ अर्ध्यावर मोडला होता. गावाने भात मात्र पुरा दिला होता. आज तो खेळ पुरा करायचा होता, पण जोडीने बाहुल्या नाचवणारा भाऊ गोव्याला कामाला गेला होता.

"मला ने," पेटाऱ्यातला दोऱ्यांचा लाकडी राजा म्हणाला. "मी चारी बाजूंनी राजा आहे. हा चामड्याचा बाजूने बघितला तर दिसतसुद्धा नाही."

"खरं आहे, दादा," पडद्यावर सावली पाडणारा चामड्याचा सपाट राजा म्हणाला. "पण तुला एकट्याला दोन हात लागतात. मला एक पुरतो. दुसऱ्या हाताने राणी नाचेल."

"सावलीला राजा कोण म्हणेल?"

"ते समोर बसणारे ठरवतील."

लुमाजीने लाकडी राजाच्या दोऱ्या नीट गुंडाळल्या. "भाऊ येईपर्यंत थांब," म्हणत त्याला खुंटीला टांगले.

संध्याकाळी पडद्यामागे दिवा लागला. राजा रणात पडला, राणी त्याच्यावर वाकली, तेव्हा पुढे बसलेली म्हातारी पदराने डोळे पुसू लागली.

खेळ संपल्यावर गुरवाने भाताने भरलेले सूप पुढे केले. लुमाजीने ते परत सारले. गेल्या वर्षीचे फिटले होते.