काळदरी बोगद्याची घंटा

काळदरीच्या बोगद्यात गाडीची वर्दी द्यायला बसवलेली घंटा गाडी नसताना वाजायची आणि गाडी आली की मुकी व्हायची. काल रुळावर काम करणाऱ्या यशवंताला सोबत्यांनी ऐनवेळी ओढलं, म्हणून तो वाचला.

आज इंजिनिअर कुमुदिनी ढमढेरे खरेदी विभागाच्या सरपोतदार साहेबांना भरदुपारी बोगद्यात घेऊन आली. आत धुकं साचलं होतं.

"साहेब, या घंटेऐवजी परदेशी यंत्र घ्यायची सूट द्या. नाहीतर माणसं मरतील हो."

"नियम ठाऊक आहे ना, बाई? यंत्र देशीच हवं. ते काम करणारं देशी यंत्र नसेल, तरच सूट. आणि देशात असं यंत्र एकच, ही घंटा, मी स्वतः निवडलेली. तिच्यात खोट निघणं शक्य नाही!"

तेवढ्यात घंटा घणघणू लागली. दोघंही भिंतीला चिकटले. गाडी काही आली नाही. पण रुळांवरून काहीतरी गारगार सरकत गेलं आणि कुमुदिनीच्या हातातली बॅटरी मिणमिणली.

साहेबांना दरदरून घाम फुटला. तरी ते म्हणाले, "बघितलंत? घंटा उगाच वाजत नाही. इथे भूत आहे, त्याची चाहूल लागते तिला."

कुमुदिनीने सूट मागणारा अर्ज पुढे केला. "मग प्रश्नच मिटला, साहेब. ही घंटा भुताची वर्दी देते. गाडीची वर्दी देणारं देशी यंत्र नाहीच, हे आता तुम्हीच सांगितलंत. करा सही."

साहेबांनी सही केली. मग अंधाराकडे बघत हळूच विचारलं, "पण बाई, ही घंटा काढल्यावर ते आलेलं आपल्याला कळणार कसं?"