धनेशाचा तुरा

फार पूर्वीची म्हणून ही गोष्ट सांगतात. मला ती तेवढी पूर्वीची वाटत नाही, पण सांगणाऱ्याने उगाच फाटे फोडू नयेत. तर, डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावाला धनेश पक्ष्याचं भारी कौतुक होतं.

पक्षी होताच तसा. केवढी थोरली पिवळी चोच! उडाला की पंखांचा आवाज खालच्या शेतापर्यंत यायचा. वीण आली की धनेशाची मादी जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचं तोंड आतून लिंपून घेते. चोच बाहेर निघेल एवढीच फट ठेवते. आत तिची पिसं झडतात, तिला उडता येत नाही. नर दिवसभर रान धुंडाळतो, उंबराची, वडाची फळं गळ्यात साठवून आणतो आणि त्या फटीतून तिला आणि पिल्लाला भरवतो. त्याने एक-दोन दिवस कंटाळा केला तरी आतल्या जिवांचे हाल व्हायचे. पण तो कंटाळा करत नाही.

म्हणून गावात रीत पडली होती. लग्नात नवऱ्या मुलाच्या फेट्यात धनेशाचं एक पीस खोवायचं आणि बायकांनी 'धनेशावानी धनी मिळो' असं गाणं म्हणायचं. पीस झाडाखाली पडलेलं असायचं, तेच उचलून आणत. इथवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

मग पाटलाच्या थोरल्या मुलाचं लग्न निघालं. पाटील म्हणाला, "पडल्यालं पीस? आमी काय येचून आनून लगीन करनारी मानसं हाय?" त्याने शिकाऱ्याला सांगून धनेश मारवला आणि त्याच्या सगळ्या शेपटीचा तुरा करवला. पांढरी लांब पिसं, मधे काळा पट्टा. वरात गावभर मिरवली.

झालं! पाटलाने केलं म्हणजे सावकाराला करणं भाग, सावकाराने केलं म्हणजे भावकीला. पुढे पुढे तर तुऱ्यावाचून मुलगी कुणी देईना. लग्नं चैत्र-वैशाखात आणि धनेशाची वीणही तेव्हाच. मादी ढोलीत कोंडलेली, मग बाणाला सापडणार कोण? जो बायकोपोरांसाठी घास घेऊन निघालाय तोच. एक तुरा म्हणजे एक बंद ढोली, आणि त्या ढोलीत काय होतं ते बघायला कुणी गेलं नाही. एकनिष्ठ नवऱ्याचा मान करायचा म्हणून एकनिष्ठ नवऱ्यालाच मारायचं! अक्कल गहाण ठेवावी, पण किती?

वर्षं गेली. पाटलाच्या धाकट्या लेकीचं लग्न ठरलं. पाटलाने शिकाऱ्याला बोलावलं.

शिकारी म्हणाला, "पाटील, आता येकच जोडी ऱ्हायलीय. वेशीवरच्या बेहड्याच्या ढोलीत. समद्या रानात दुसरी न्हाई."

माणसाला लाज असती तर इथे गोष्ट संपली असती. पाटलाने मिशीवरून हात फिरवला. "मग तर आनच! शेवटचा तुरा माज्या जावयाच्या डोक्याव. पुना कुनाच्या बापाला मिळायचा न्हाई."

हळदीच्या दिवशी शिकाऱ्याने पक्षी अंगणात आणून ठेवला. बायकांची हळद लावणं चाललं होतं. नवरीने कौतुकाने त्याची मान उचलली, तशी चोच उघडली आणि गळ्यातून उंबराची पिकली फळं पाटावर घरंगळली.

"ही कुनाची?" नवरीने विचारलं.

शिकारी खाली बघत म्हणाला, "त्याच्या बायकूची. आत हाय ती. पिल्लूबी हाय, वरडताना ऐकलं म्या."

"आता त्यांना कोन देनार?"

शिकाऱ्याने आपले बाण उचलले आणि तो चालता झाला.

नवरी ताडकन उठली, पण आईने तिचा हात धरला. "अंगाला हळद लागली, आता उंबरा वलांडायचा न्हाई." गावाची दुसरी रीत ही. हळद लागलेल्या मुलीने बाहेर पडलं तर भूतबाधा होते म्हणे. ढोलीतल्या जिवांना काय होतं, त्याबद्दल रीत काही सांगत नव्हती.

मग ती एकेकाला विनवू लागली. भावाला म्हणाली, "दादा, शिडी लाव आन् मूठभर उंबरं देऊन ये." भाऊ म्हणाला, "जातो की. ह्यो मांडव झाला की लगीच." मामाला म्हणाली. मामा म्हणाला, "तू नको काळजी करू, कुनीतरी जाईलच." काकू म्हणाली, "अगं, दादाला सांगितलंस न्हवं? मग तो गेलाच आसंल." भटजी म्हणाले, "भूतदया थोर आहे, पोरी. मुहूर्त पार पडू दे, मग पाहू." नाही कुणीच म्हणालं नाही. नाही म्हणाले असते तर तिला कळलं तरी असतं. सगळे हो म्हणाले, आणि तीही त्या होकारांवर विसंबून बसून राहिली. हा तिचा दोष, तो मी झाकणार नाही.

लग्न थाटात झालं. तेव्हाची लग्नं दिवसच्या दिवस चालायची. पंगतींवर पंगती उठल्या, उष्ट्या पत्रावळींवर कुत्री लोळली, उरलेला भात गुरांपुढे ओतला. एवढ्या अन्नातून, एवढ्या माणसांतून, वेशीपर्यंत मूठभर फळं घेऊन जाणारा एक हात निघाला नाही. जावयाच्या फेट्यात तुरा डुलत होता आणि बायका गात होत्या, 'धनेशावानी धनी मिळो'. जीभ कशी झडली नाही कुणाची!

पाठवणीच्या दिवशी आईने लेकीची ओटी भरली. तांदूळ, नारळ, हळकुंड. गाडी वेशीशी आली तेव्हा नवरीने ती थांबवायला लावली आणि भावाला विचारलं, "दादा, कितींदा आलतास हितं?"

भावाने मामाकडे बघितलं. मामाने काकूकडे.

शालूचा काचा मारून नवरी खाली उतरली. मांडव सोडून नेणारे वेशीशी विसाव्याला थांबले होते, त्यांची शिडी तिथेच होती, ती तिने स्वतः बेहड्याला लावली आणि वर चढली. वाळलेला लेप दगडाने फोडला. मादी फटीला चोच लावूनच बसलेली होती. तिच्या पोटाखाली पिल्लू होतं, त्याची चोच वासलेली होती. दोघंही कडक झाली होती.

ती खाली आली. सगळ्या वऱ्हाडासमोर तिने ओटी सोडली, तांदूळ आणि नारळ धुळीत ओतले आणि रिकाम्या ओटीत त्या मायलेकरांना ठेवलं.

"हे काय चालवलंयस!" पाटील गरजला. "ऐन पाठवनीला अपशकुन?"

"अपशकुन तुमी फेट्यात खोवून मिरवलात, आबा," ती म्हणाली. "मी नुसती त्याची बायकू आन् पोर दाखवली. ही माजी म्हायेरची ओटी. हीच घिऊन मी सासरी जानार. आई कुठं हाय माजी? आई, बघ काय भरलंय हिच्यात."

आई पुढे आली नाही. नवऱ्या मुलाने फेट्यातला तुरा उपसला, पण तो ठेवायचा कुठे हे त्याला समजेना. तुरा हातात धरूनच तो गाडीत बसला.

गाव सुधारलं असेल, असं तुम्हाला वाटत असेल. कसलं सुधारतंय! पुढल्या वैशाखात लोक धनेश शोधत चार डोंगर पालथे घालून आले. रिकाम्या हातांनी परतल्यावर त्यांनी बगळ्याच्या पिसांना काजळाचा पट्टा ओढून तुरे केले. आणि पारावर बसून ठरवलं की पाटलाच्या पोरीने वेशीवर अपशकुन केला, म्हणूनच ते पक्षी गाव सोडून गेले.

तात्पर्य, ज्यांना अजूनही सांगायची गरज असेल त्यांच्यासाठी: ज्याचे गोडवे गाता त्याला आधी जगू द्या; आणि 'कुणीतरी जाईल' असं ज्या गावात सगळेच म्हणतात, तिथे कुणीच जात नाही.