धाकू मेस्त्रीचा तिसरा चाप

शिरखोलच्या डोंगरात दिवसाढवळ्या वाघ पाणी प्यायला उतरायचा आणि कुणाला त्याचं विशेष वाटायचं नाही, तेव्हाची ही गोष्ट. फार वर्षांपूर्वीची. आमच्या गावात ती मोठ्यानं सांगतात, पण मान वर करून सांगत नाहीत. का ते ऐकाल तेव्हा कळेल.

त्या वेळी गावात धाकू नावाचा सुतार होता. आमच्याकडे सुताराला मेस्त्री म्हणतात, तेव्हा तोही धाकू मेस्त्री. हात असा, की त्यानं जोडलेल्या दाराच्या फटीतून मुंगीसुद्धा जायची नाही असं म्हणतात. दारं, नांगर, पाळणे सगळं तो करायचा. पण त्याचं नाव झालं ते सापळ्यांमुळे, आणि सापळ्यांपैकीही चापामुळे. चाप म्हणजे सापळ्याचा जीव. जनावरानं कुठे हात लावला की सापळा मिटायचा, ते चाप ठरवतो.

गावाला छळणारं जनावर म्हणजे कांडेचोर. उदमांजर म्हणतात ना, तेच. रात्री माडावरून उतरायचं, केळीचे घड चाखायचं, कोंबड्या न्यायचं, झाकण घट्ट लावलेल्या मडक्यातला गूळसुद्धा काढायचं. शिरखोलचा कांडेचोर तर माणसासारखा पुढच्या पंजांनी कडी काढायचा असं म्हणतात. एवढं मी काही मानत नाही, पण सांगणाऱ्यांनी सांगितलं ते सांगतो.

धाकूनं पहिला चाप केला तो पायाचा. पिंजऱ्याच्या तळाला सैल फळी, तिच्यावर पाय पडला की आधाराची काडी निसटायची आणि दार खाली यायचं. कांडेचोर सापडला, नाही असं नाही. पण त्याच्या आधी सापडल्या दोन कोंबड्या, एक कुत्रा, देवळाच्या गुरवाचं मांजर आणि एकदा तर वरून पडलेला नुसता फणस. गाव आठ दिवस हसत होतं. धाकूला हसण्याचा फार राग यायचा.

मग त्यानं दाताचा चाप केला. केळं दोरीला बांधायचं, जनावरानं दातानं ओढलं की दार पडायचं. यात कोंबडी सापडेना, फणस सापडेना. पण उंदरांनी दोऱ्या कुरतडल्या, कुर्ल्यांनी, म्हणजे खेकड्यांनी, चिमटे मारून दारं पाडली, आणि कांडेचोर मात्र खाली बसून केळ्याचा तेवढाच भाग खायचा, जो दोरीत नव्हता. सकाळी अर्धं केळं लटकत असायचं. गाव पुन्हा हसलं.

तेव्हापासून धाकू बोलेनासा झाला. खाता पिता, उठता बसता त्याच्या डोक्यात चाप. दाबाचा बरा की ओढीचा बरा, एवढाच घोर. त्यानं महिनाभर नुसतं बघितलं. कोंबडीची चोच ढकलते. कुत्र्याचं नाक ढकलतं. वरून पडणारी वस्तू ढकलते, पावसाचा थेंब ढकलतो. आपल्याकडे ओढून घेतो तो फक्त पंजा. आणि तोही आत खोल, दात पोचणार नाहीत तिथे असला पाहिजे.

मग त्यानं भेरल्या माडाचं, म्हणजे रानटी ताडाचं, खोड कापून आणलं. ते आतून कोरायला सोपं असतं. त्याला मनगट जाईल एवढंच तोंड ठेवलं. आत तळाशी केळं खोचलेली खुंटी, खुंटीला वाकवलेली बांबूची कांब, कांबेला काथ्याचा फास. खुंटी आत ढकला, दाबा, आपटा, काही व्हायचं नाही. आपल्याकडे ओढली की फास मनगटावर बसायचा. पहिल्याच आठवड्यात सात कांडेचोर सापडले आणि एकही कोंबडी सापडली नाही. हा त्याचा तिसरा चाप.

आता गाव हसेना. आता दुसऱ्या गावांहून माणसं येऊ लागली. धाकू देवळाच्या पायरीवर बसून सांगायचा, "देणारो हात ढकलता, घेणारो हात ओढता. माझो चाप घेणाऱ्याकच धरता."

लोक माना डोलवायचे. कुणीतरी म्हणालं, मेस्त्रीच्या चापाला चोर ओळखता येतो. धाकूनं ते नाकारलं नाही. पुढे पुढे तो स्वतःच तसं म्हणायला लागला.

त्याच्या आवारात दोन चुली होत्या. एक त्याची, आणि पलीकडच्या पडवीत त्याच्या थोरल्या भावाच्या बायकोची. तिचं नाव आवडी. भाऊ गेला तेव्हा आवडी म्हणाली होती, माझी चूल मी वेगळी ठेवते, कुणाच्या ताटाकडे बघत बसणं मला जमणार नाही. धाकूनं सगळ्यांसमोर सांगितलं होतं, दर सुगीला भाताची एक मुडी वयनीच्या दारात पोचेल. मुडी म्हणजे पेंढ्यात बांधलेलं भाताचं मोठं गाठोडं. पहिल्या दोन सुगीला पोचली. तिसऱ्या सुगीला धाकू चापात गुंतला होता. मुडी द्यायची राहून गेली. राहिली ती तीन वर्षं राहिली.

आवडी लोकांच्या शेतात लावणीला जायची, तेवढ्यावर भागायचं. तिसऱ्या वर्षी तिच्या गुडघ्यानं दगा दिला. तिनं कुणाला सांगितलं नाही. धाकूची बायको द्वारकी हिच्या मात्र लक्षात आलं. ती नवऱ्याला म्हणाली, "वयनीच्या घराकडसून दोन दिस धूर दिसूक नाय."

धाकू खुंटी घासत होता. तो म्हणाला, "गेली आसतली खंय भायर."

चार दिवसांनी द्वारकीनं पुन्हा सांगितलं. त्यानं पुन्हा तेच उत्तर दिलं, आणि या खेपेला मान वर केली नाही.

आता शिरखोलची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. वाडीच्या वेशीवर राखणदाराचा दगड आहे. राखणदार म्हणजे जागा सांभाळणारा. त्या दगडाशेजारी तेव्हा भेरल्या माडाचं एक पोकळ खोड उभं असायचं. ज्याच्या घरी काही पिकलं, शिजलं, त्यानं त्यातला थोडा वाटा त्या खोडात सरकवायचा. घड उतरला तर चार केळी, नवं भात आलं तर पानात बांधून ओंजळभर तांदूळ. वाटा राखणदाराचा, असं तोंडानं म्हणायचं. आणि ज्याच्या घरी काही नसेल त्यानं टळटळीत दुपारी, दारं लोटलेली असताना, हात घालून तो काढून घ्यायचा. दुपारी वेशीकडे कुणी बघायचं नाही. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी कधी बोलायचं नाही.

त्या चैत्रात धाकूच्या ध्यानात आलं, की आपण सकाळी सरकवलेली केळी दुसऱ्या दिवशी नसतात. रोजच्या रोज नसतात. त्याला वाटलं, कांडेचोर. दुसरं कोण असणार? आपल्या वाडीत उपाशी आता उरलंय कोण? असं त्याला खरोखर वाटलं. त्यानं राखणदाराच्या खोडात आपला तिसरा चाप बसवला. वाटा टाकणाऱ्याला काही व्हायचं नाही, कारण तो ढकलतो. रात्री लावायचा आणि उजाडलं की खुंटी काढून चाप उतरवायचा, असं ठरवून त्यानं लावला.

दोन सकाळी त्यानं उतरवला. तिसऱ्या दिवशी वरच्या गावचे मानकरी चाप बघायला येणार होते, दुपारचं देवळातलं जेवण झालं की. धाकूनं विचार केला, आता कशाला उतरवायचा? पुन्हा लावण्यात वेळ जाईल. माझा चाप चोराशिवाय कुणाला धरतच नाही.

जेवणं झाली. पान खात पंचवीस-तीस माणसं वेशीकडे निघाली; दुपारची रीत कुणाला आठवली नाही. धाकू पुढे, हातवारे करत, पायाचा चाप, दाताचा चाप, ओढीचा चाप समजावत. वेशीवर आले आणि त्याचे हातवारे थांबले.

खोडापाशी आवडी गुडघ्यावर बसली होती. तिचा हात कोपरापर्यंत आत होता. पदर तिनं दातात धरला होता, आवाज येऊ नये म्हणून.

ती ज्या क्षणी वर बघेल त्या क्षणी आपण मरू, असं धाकूला वाटलं. तिनं वर बघितलं, आणि तो मेला नाही. शिरखोलच्या माणसांना सगळं कळलं होतं, वरच्या गावच्यांना अजून नव्हतं. आवडीनं पदर सोडला आणि म्हणाली, "आत कसलां तरी पिल्लू किंकाळत होतां, म्हणान हात घातलंय."

वरच्या गावचा म्हातारा मानकरी हसला. म्हणाला, "मेस्तरी, तुमची वयनी मायाळू आसा."

आणि धाकूला बरं वाटलं. हे मी पदरचं घालत नाही. धाकू मेस्त्री पुढे मरेपर्यंत हे स्वतः सांगत असे, की त्या क्षणी मला बरं वाटलं, छातीवरचा दगड उतरला, वयनीनं माझी लाज राखली म्हणून मी मनात तिचे आभारसुद्धा मानले. हे वाक्य गाळून ही गोष्ट आमच्याकडे कुणी सांगत नाही. त्यानं तसंच बजावून ठेवलंय.

"भावजी, सोडवा आता. दुखता," आवडी हळूच म्हणाली.

धाकू पुढे झाला. स्वतः केलेला फास, एका झटक्यात सुटायला हवा होता. सुटेना. त्यानं खुंटी दाबली, कांब वाकवली. फास आणखी आवळला. घरून पटाशी आणली, तिची धार मुडपली. करवत आणली, तिचे दात त्या भेरल्या माडावर असे घसरले जसा काही तो दगडच होता. आवडीचा हात आत बधिर होत चालला. ऊन कलायला लागलं. ज्या खोडाचा गाभा नखानं निघतो, ते त्या दिवशी कुऱ्हाडीनं फुटेना असं म्हणतात.

द्वारकी पाणी घेऊन आली. तिनं जावेला पाणी पाजलं आणि नवऱ्याकडे वळली. "मी दोनदा सांगलंय," ती म्हणाली. "तुमी चाप घासत होतास."

एवढंच म्हणाली. धाकूच्या हातातली करवत खाली पडली. त्यानं डोक्याचं मुंडासं काढलं, राखणदाराच्या दगडावर ठेवलं आणि सगळ्या माणसांकडे तोंड करून उभा राहिला.

"आत पिल्लू नाय होतां," तो म्हणाला. "वयनी वाटो घेऊक इलेली. तिची चूल थंड आसा, कारण मी तिका मुडी देऊक नाय. तीन वरसां देऊक नाय. आणि ती खोटां बोलली तेव्हा माका बरां वाटलां. चापान माका धरूक व्हया होतां."

आवडीनं डोळे मिटले. तिला हे नको होतं. आपली रिकामी चूल अशी भर उन्हात तीस माणसांपुढे मांडली जावी, हे कुणाला हवं असतं? धाकूला तेही कळलं, आणि त्याची लाज दुप्पट झाली. खरं बोलून तो सुटत होता आणि तिची झाकली मूठ उघडी पडत होती.

पण फास सुटला. कुणी हात न लावता सुटला असं म्हणतात. आवडीनं हात बाहेर काढला. मनगटावर काथ्याचा लाल वळ होता. आणि संध्याकाळपर्यंत तसाच वळ धाकूच्या उजव्या मनगटावर उठला, तो त्याच्या सरणावरही दिसत होता असं म्हणतात.

वरच्या गावचे मानकरी निघून गेले. वाडीतली माणसंही खाली बघत पांगली, कारण दर दुपारी वेशीकडे पाठ करणाऱ्यांत तीही होती. केळी रोज संपतात हे त्यांनाही दिसत होतं.

धाकूनं त्याच दिवशी आपले सगळे चाप मोडले. मग तो अंगणात बसून राहिला. वयनीला भात नेऊन द्यावा, तर ती तो घेणार नाही हे त्याला ठाऊक होतं. विचारावं, तर ती 'सगळं आहे' म्हणणार. दिवे लागायच्या वेळी तो उठला. त्याच्या स्वतःच्या घरात चूल धडधडत होती, तरी त्यानं एक रिकामी करवंटी घेतली आणि पलीकडच्या पडवीच्या पायरीखाली जाऊन उभा राहिला.

"वयनी," त्यानं हाक मारली, "इस्तो आसा?"

इस्तो म्हणजे विस्तव. तेव्हा लोक एकमेकांच्या घरून निखारे मागून नेत, त्यात काही वावगं नव्हतं.

"आसा," आवडी आतून म्हणाली. सवयीनं म्हणाली.

धाकूनं करवंटी पुढे धरली आणि तसाच उभा राहिला. आवडी चुलीशी गेली. राख फुंकल्यासारखं केलं. बाहेर आली, पुन्हा आत गेली. धाकू हलला नाही. मग ती दारात येऊन उभी राहिली आणि तीन वर्षांत पहिल्यांदा म्हणाली, "नाय."

तो परत गेला आणि पेटतं लाकूड घेऊन आला. मागून द्वारकी भाताचा टोप घेऊन आली. आवडीची चूल पेटली. पुढे ती पुष्कळ वर्षं जगली, आणि धाकू रोज संध्याकाळी त्या पायरीखाली करवंटी घेऊन उभा राहायचा. ती कधी त्याला क्षमा केली असं म्हणाली नाही. त्यानंही कधी मागितली नाही.

आता शिरखोलात घरोघरी गॅस आहे. खिशात लायटर आहेत. तरी न्हाणीच्या पाण्यासाठी मागच्या अंगाला एक चूल प्रत्येकानं ठेवली आहे, आणि दिवे लागायच्या वेळी घरातला कर्ता माणूस करवंटी घेऊन शेजारच्या पायरीखाली जातो. मेस्त्रीच्या नावानं. ज्याचं भांडण असेल तोही जातो, तोंड फिरवून का होईना, पण जातो. "इस्तो आसा?" असं विचारतो. आतून "आसा" म्हणून उत्तर येतं. तेवढ्यावर शिरखोलचा माणूस घरी परतत नाही. निखारा करवंटीत पडेपर्यंत तो तिथेच उभा राहतो.