फिल्म दुधाळ होईपर्यंत

“म्हणजे फिल्म चुकली नाही. एवढंच तर लिहायचंय ना, बाई?”

पराग उमराणीकरने टाइप केलेला कागद टेबलावरून पुढे सरकवला. खाली सहीची जागा मोकळी होती.

खानोलकर बाईंनी त्याला पॉलिमर शिकवलं होतं. ही फिल्म दोघांनी मिळून बनवली होती. गार असताना काचेसारखी आरपार, ठरलेल्या अंशाला तापली की दुधाळ. कारखान्यात ती रसायनाच्या टाकीला लावायची, तिच्यातून प्रकाशाचा झोत सोडायचा. टाकी तापली की फिल्म दुधाळ होते, झोत अडतो, भोंगा वाजतो.

बाईंनी तो अंश साठ ठरवला होता.

भोंगा दिवसातून दोन-तीनदा वाजायचा. काम थांबायचं. मालकाने परागला बोलावून घेतलं आणि परागने चार दिवसांत साठाचे पंचाहत्तर करून दिले. बाईंना विचारलं नाही.

मंगळवारी भोंगा वाजला आणि चाळीस सेकंदांत टाकी फुटली. झडप उघडायला धावलेले शिवाप्पा कुंभोजे जागीच गेले.

कागदात म्हटलं होतं की फिल्म बरोबर पंचाहत्तरला दुधाळ झाली, इशारा मिळाला, झडप उघडण्यास कामगाराकडून विलंब झाला. भाषा अत्यंत सभ्य होती. जळून मेलेल्या माणसालाच आरोपी करायचं, तर भाषा सभ्यच लागते.

बाईंची सही झाली की चौकशी संपणार होती.

“साठला वाजला असता तर त्यांना किती वेळ मिळाला असता?” बाईंनी विचारलं.

“अकरा मिनिटं. पण बाई, तो प्रश्न कागदात नाहीये.”

“नाहीये खरा…”

बाई उठल्या. काचेच्या भांड्यात पाणी घेऊन त्यांनी ते शेगडीवर ठेवलं. त्यात थर्मामीटर सोडला आणि काचेच्या दोन पट्ट्यांत बंद केलेली परागची फिल्म उभी केली.

“बोट घाल पाण्यात. फिल्म दुधाळ झाली की काढ. मग सही करते.”

पराग हसला. अजून माझं प्रॅक्टिकल घेताय का, म्हणाला. बाही मागे सारून त्याने बोट घातलं.

चाळीस. तो नव्या ऑर्डरींबद्दल सांगत होता. आणखी सहा कारखान्यांना पंचाहत्तरचीच फिल्म हवी होती.

शेहेचाळीस. त्याचं बोलणं थांबलं.

एकावन्नला त्याने हात झटकन बाहेर ओढला. बोट लालबुंद झालं होतं. त्याने ते नळाखाली धरलं.

“भाजलं, बाई.”

बाई भांड्याकडे पाहत होत्या. फिल्ममधून पलीकडची खिडकी, तिचे गज, सगळं स्पष्ट दिसत होतं.



“फिल्मला अजून काही झालेलं नाही, पराग. बोट आत घाल.”