उघडी पिशवी, बंद पेटी

घरात कॉम्प्युटर आला की शेजारीपाजारी बघायला जमत, त्या काळातली ही गोष्ट. वर्तकांचा कॉम्प्युटर भारी संशयी होता. त्याला चित्रं काढणारं सॉफ्टवेअर हवं होतं आणि एकाच दुपारी दोन सॉफ्टवेअर दारात आली. दोन्ही फुकट.

पहिल्याचे कपडे झुळझुळीत, हातात कुलूपबंद पेटी. दुसरं साधंसुधं. त्याने आपली पिशवी उघडून समोर ठेवली. "आत काय आहे ते बघून घ्या, काका."

'स्वतःहून दाखवतंय म्हणजे नक्कीच कुठेतरी पाणी मुरतंय,' असं मनाशी म्हणत कॉम्प्युटर पिशवीची शिवण उसवून धागा न् धागा तपासू लागला.

तेवढ्यात पहिल्याने अदबीनं विचारलं, "काका, पुढे येऊ? सोबत दोघं-तिघं आहेत."

"या, या पुढे," मान वर न करता कॉम्प्युटर म्हणाला.

पिशवीत काहीच वावगं सापडलं नाही. त्याने वर पाहिलं, तर एक अनोळखी इसम भिंतीवर जाहिराती चिकटवत होता आणि दुसरा वर्तकांची पत्रं वाचत बसला होता.

"यांना कुणी बोलावलं? आधी ती पेटी उघड."

"ती उघडत नसते, काका," असं म्हणून पहिल्याने खुर्ची ओढली.