खिंडीतलं चौथं माप

कुण्या एका डोंगराळ राज्याच्या तोंडाशी एक खिंड होती आणि त्या खिंडीत एक मापारी बसायचा. त्याला काम एकच, बाहेरून येणारा पांढरा खार मोजायचा. हा खार शेणखतात कालवला की जोंधळ्याचं कणीस दाण्यानं भरायचं. नाही कालवला तर वर नुसता ताटांचा रुबाब आणि कणसात फोलपट. खार त्या राज्यात निपजत नव्हता. लांबच्या खाऱ्या तळ्यावरून लमाणांचे तांडे तो बैलांच्या पाठीवर लादून आणायचे.

मापारी मांडी ठोकून बसायचा आणि लाकडी पायली भरायला घ्यायचा. पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं, अशी रीत. "लाभ... दोन... तीन..." आणि चौथं माप राजाचं! ही जकात राजाच्या पणज्यानं बसवली होती. का बसवली ते त्यालाच ठाऊक, आणि तो काही सांगायला परत येत नव्हता. चौथी पायली राजाच्या कोठारात जायची, वर कुलूप लागायचं. राजाची वस्तू ती! मातीत कशी टाकायची? म्हणून ती तशीच साठत राहिली. किल्ली मापाऱ्याच्या कमरेला.

एका वर्षी त्या तळ्याला पूर आला आणि निम्म्याहून जास्त खार विरघळून गेला. शंभर बैलांच्या जागी चाळीसच आले. पेरणीला उरले होते आठ दिवस. गावोगावची माणसं खिंडीत गोळा झाली.

तांड्याची म्होरकी एक लमाणीण होती, हातभर बांगड्या आणि हातभर जीभ. ती म्हणाली, "मापारीदादा, औंदा चौथं माप सोड की. निम्म्या रानाला बी पुरंना झालाय खार."

"सोडतो की. मग राजा माझी मान उडवील, ती जोडून कोण देणार? तू?"

"उडतीय बरी! केवढी जाड हाय. तलवारच मोडंल."

सगळी खो खो हसली. मापारीसुद्धा गालातल्या गालात हसला, पण पायली काही सोडली नाही त्यानं. म्हणाला, "राजालाच विचारू, चला."

राजा मनानं चांगला होता. शेतीतलं मात्र त्याला एवढंच कळायचं की भाकरी गोल असते. सगळं ऐकून तो खूश झाला आणि म्हणाला, "एवढंच ना? अहो, चार पिढ्यांचा खार आमच्या कोठारात पडलाय! पेरणीच्या दिवशी कोठार उघडू आणि सगळ्यांना वाटू. जकात आहे तशीच राहू द्या."

लोकांनी राजाचा जयजयकार केला. लमाणीण म्हणाली, "मग माझं काय काम? बैल हाकते दुसऱ्या राज्यात."

कोठारात काय आहे ते एकट्या मापाऱ्याला माहीत होतं. गप्प बसलं तर पेरणीपर्यंत मान शाबूत राहणार होती. पण तोवर तांडा डोंगरापार गेलेला असेल आणि साऱ्या राज्याची कणसं पोकळ निघतील. बोललं तर... त्यानं हातानं मान चाचपली. जाड होती खरी.

"महाराज," तो म्हणाला, "कोठार आत्ताच बघा."

दार उघडलं आणि राजाचं तोंडही उघडलं, ते मिटेचना. आत पोती नव्हती, ढीगही नव्हता. खालपासून आढ्यापर्यंत एकच पांढराशुभ्र कडा, उन्हात चकाकणारा! शिपायानं पहार मारली तर पहारच वाकली.

"छप्पर गळतंय महाराज, माझ्या आज्याच्या काळापासून. ओल पिऊन खाराचा दगड झाला."

"आणि त्यातला कस?"

"तो पाण्याबरोबर गेला. या माझ्या मागून."

कोठाराच्या मागे मोरीच्या तोंडाशी तांदुळजा उगवला होता. तांदुळजा म्हणजे आपण भाजीला दोन बोटांनी खुडतो तोच. पण हा? याचं खोड देवळाच्या खांबाएवढं! एकेक पान सुपाएवढं, आणि सावलीत राजाचा हत्ती डुलक्या काढत उभा. हसू नका, हत्ती मावला म्हणजे मावला. बायका हात जोडून उभ्या राहिल्या. त्यांत ती बडबडी लमाणीणसुद्धा.

राजानं खोडाला हात लावला. वर शेंड्याकडे बघत तो म्हणाला, "म्हणजे आमच्या पणज्यानं, आज्यानं, वडिलांनी आणि आम्ही मिळून... हा एक तांदुळजा पोसला?"

मग तो मापाऱ्याकडे वळला.

"तुला हे ठाऊक होतं?"

"होतं महाराज. माझा आजा गप्प बसला, माझा बाप गप्प बसला. मीही तेच शिकलो."

"पण आज बोललास," राजा म्हणाला. "म्हणून शिक्षा हलकी देतो. आजपासून मळणी होईपर्यंत खारावर जकात बंद. तू खिंडीत उभं राहायचं, येईल त्या तांड्याला रामराम करायचा. पायलीला हात लावशील तर खबरदार!"

दिवाणजी पुढे धावले. "महाराज, चौथं माप म्हणजे राजाचा मान!"

"मग तो मान तिथं कोठारात उभा आहे. उचलता येतो का बघा."

जकात उठली ही बातमी डोंगरापलीकडे गेली. जे तांडे खिंडीला वळसा घालून भलतीकडे जायचे, ते या बाजूला वळले. मापारी रामराम करून करून दमला. आठव्या दिवशी शेवटचं रानसुद्धा खारावाचून राहिलं नाही.

मग पाऊस झाला, दिवस गेले आणि एका सकाळी मापारी खिंडीतून खाली उतरला. उभा जन्म त्यानं खार मोजला होता, खारानं काय होतं ते कधी पाहिलं नव्हतं. जोंधळा असा वर गेला होता की उंटावर बसलेला माणूस आत शिरला तर नुसतं पागोटं दिसेल. वारा आला की ते सगळं रान एकदम वाकायचं आणि एकदम उठायचं. त्यानं एक कणीस ओंजळीत घेतलं. ते ओंजळीत मावेना. मापाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं, का ते त्यालाही सांगता येईना.

मळणी झाली. पिकाचा सहावा वाटा राजाचा, ही रीत जुनीच होती आणि ती कुणी मोडली नव्हती. राशी मोजायला मापाऱ्यालाच बोलावलं. खळ्यामागून खळी, राशीमागून राशी.

राजा बघायला आला, मागे दिवाणजी. दिवाणजी म्हणाले, "महाराज, मुदत संपली. उद्यापासून खिंडीत माप सुरू करायचं ना?"

राजा मापाऱ्याकडे बघून म्हणाला, "तूच सांग रे."

मापारी कमरेपर्यंत दाण्यात बुडालेला. मान वर न करता म्हणाला, "करा की महाराज, पण खिंडीत दुसरा माणूस बसवा. तुमचा हा एवढा सहावा वाटा मोजायचा अजून निम्मा राहिलाय, आणि माझे हात आहेत दोनच." आणि पुढची पायली त्यानं भरली. "लाभ..."

राजा हसला. जकात पुढच्या मळणीपर्यंत बंदच राहिली.

तात्पर्य काय, तर राजानं आपला वाटा मागावा तो भरल्या खळ्यावर, पेरणीच्या तोंडावर नाही.